नाताळच्या पिशवीतले बिस्किट आणि बाळाचा पहिला घास



जुलै संपत आला की मंडळ्यांतून फोन येऊ लागतात, "ताई, यंदा नाताळच्या पिशवीत काय काय घालायचे?" गेली अनेक वर्षे आमची यादी ठरलेली होती. टॉवेल, साबण, तेल, साखर, डाळ आणि ज्या घरी तान्हे मूल आहे त्या घरासाठी ग्लुकोज बिस्किटांचे पुडे. "बाळाला दात येत असतील, चघळायला होईल," असे म्हणत मी स्वतःच्या हाताने ते पुडे पिशव्यांत भरले आहेत. यंदा मात्र दोन वर्षांखालील मुलांसाठी बिस्किटे पाठवू नयेत, असे आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवले आहे. काहींना हे रुचणार नाही. इतक्या प्रेमाने दिलेल्या वस्तूला नको म्हणणे आम्हालाही जड गेले. म्हणून कारण सविस्तर सांगते.

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर मागच्या उन्हाळ्यात गेले होते. आई मजुरीला गेलेली, बाप उंबरगावच्या बाजूला कारखान्यात. सात-आठ वर्षांची बहीण नऊ महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन ओट्यावर बसली होती. हातात कोऱ्या चहाची वाटी. त्यात बिस्किट बुडवायचे, मऊ झाले की बोटाने भावाच्या तोंडात सारायचे. पोर मिटक्या मारत होते. आतल्या खोलीत टोपलीत नागलीची भाकरी झाकून ठेवलेली होती. मी आजीला विचारले, "आजी, याला भाकरी नाही देत?" ती म्हणाली, "दिली होती, थुंकतो. त्याला आता गोडच लागतं." त्या पुड्याचे वेष्टन ओळखीचे होते. आमच्याच पिशवीतला पुडा असेल असे मी म्हणत नाही, पाड्यावरच्या दुकानातही तोच मिळतो. पण असूही शकला असता.

आधी दातांविषयी. साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पुढचे दोन दात डोकावतात. काही बाळांना चौथ्या महिन्यातच येतात, काहींना वर्ष उलटल्यावर, आणि दोन्ही ठीक आहे. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पुरे होतात. हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ मूठ तोंडात कोंबते, किरकिर करते. दातांमुळे होते ते एवढेच. खूप ताप आणि पातळ जुलाब यांना मात्र "दात येतायत" म्हणून सोडून देऊ नये. याच वयात आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरत असते आणि याच वयात बाळ रांगत जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते. जुलाब होतात ते त्यामुळे. दातांच्या नावाखाली बाळ घरीच ठेवले आणि त्याच्या अंगातले पाणी कमी झाले, अशी उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. जुलाब लागले की ओआरएस आणि १४ दिवस झिंकची गोळी द्यायची. दोन्ही आशाताईकडे किंवा उपकेंद्रात विनामूल्य मिळते. सहा महिन्यांवरील बाळाला झिंक रोज २० मिलिग्रॅम. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे, बाळ बसायला लागलेले असेल तर खाणेही थांबवायचे नाही.

हिरड्यांच्या शिवशिवीसाठी औषध लागतच नाही. स्वच्छ फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून चावायला द्यावे. पाणी माठातले गार असेल तर आणखी बरे. आईने हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी हळूच चोळली तरी बाळ शांत होते. शहरात हिरड्यांवर लावायच्या बधिर करणाऱ्या मलमांची चलती आहे. ती लहान बाळाला लावू नयेत. गळ्यात मण्यांची माळ किंवा दोरा घालण्याची पद्धत शहरातही आहे, पाड्यावरही आहे. झोपेत तो गळ्याला आवळण्याचा धोका असतो. हे सांगताना मी घरातल्या म्हाताऱ्या बाईलाच सांगते, सुनेला नाही. सुनेने काढला तर भांडण, आजीने काढला तर काही नाही.

आता बिस्किटाकडे वळू. बिस्किट वाईट म्हणजे विष, असे मला म्हणायचे नाही. आपणही चहाबरोबर खातो. अडचण बाळाच्या पोटाच्या आकाराची आहे. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण एक वाटीभर अन्न मावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००, आणि वर्षानंतर सुमारे ५५०. साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्ये ४५० च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे ५० ग्रॅमचे छोटे पाकीट संपले की आठ महिन्यांच्या बाळाचा दिवसाचा कोटा भरला. भूक मेली. आणि मिळाले काय? मैदा, तेल आणि जवळजवळ पाव हिस्सा साखर. ज्या लोहासाठी, प्रथिनांसाठी आपण सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करतो, ते त्यात फारसे नाही.

लोहाची गोष्ट विशेष आहे. बाळ आईच्या पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येते, ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह कमीच असते. म्हणून सहाव्या महिन्यानंतर ते ताटातूनच यावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. ही आकडेवारी साऱ्या राज्याची आहे, नुसत्या पाड्यांची नाही. त्यात आपली, पुण्यामुंबईची मुलेही आली. आणि चहा तर लोहाचा वैरीच, जेवणातले लोह तो अंगी लागू देत नाही. बिस्किट एकटे येत नाही, ते चहा घेऊन येते, हे मला त्या ओट्यावर दिसले.

तरीही आया बिस्किट का देतात? "अज्ञान" असे उत्तर आपल्या सभांतून पटकन दिले जाते. मला ते पटत नाही. पाच-दहा रुपयांत मिळणारे, कोरडे, न नासणारे, शिजवावे न लागणारे, सात वर्षांची मुलगीही देऊ शकेल असे दुसरे कोणते अन्न त्या घरात आहे? आई पहाटे निघते. वीटभट्टीवर तर चूल पेटवायलाही सवड नसते. शिवाय बिस्किट स्वच्छ असते. सकाळची पेज दुपारपर्यंत उन्हाळ्यात आंबते, पुडा आंबत नाही. ही आईची हुशारी आहे, तिला नावे ठेवून काही साधणार नाही. तेव्हा प्रश्न असा करायला हवा, की मोठ्या बहिणीच्या हातात देता येईल, बाळाला स्वतः धरता येईल आणि अंगी लागेल असे घरात काय आहे.

डहाणू-तलासरीत पुष्कळ आहे. आणि बाळाला ते कसे द्यायचे, हे त्याचे हातच सांगतात.

सहा-सात महिन्यांचे बाळ वस्तू मुठीत पकडते. चिमटीत नाही. लहान तुकडा दिला तर तो मुठीत हरवतो, तोंडापर्यंत जात नाही. म्हणून या वयात मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब तुकडा द्यावा, अर्धा मुठीत राहील आणि अर्धा वर येईल असा. नऊ-दहा महिन्यांत अंगठा आणि बोट जुळवून उचलता येऊ लागते. तेव्हा भाताची मऊ शिते, चवळीचा चेचलेला दाणा, अंड्याचा चुरा असे ताटलीत टाकावे. बाळ एकेक उचलत बसते आणि आईला पाच मिनिटे मोकळी मिळतात. आठ महिन्यांपर्यंत बहुतेक बाळांना हातात धरून खाता येते आणि वर्षाचे झाल्यावर घरचेच जेवण चालते. पण दहा महिने उलटले तरी नुसती पातळ पेजच पाजत राहिले, तर पुढे ते मूल घट्ट अन्नाला तोंड वाकडे करण्याचा संभव वाढतो. बाळ मान सावरत असेल, आधाराने बसत असेल, ताटाकडे हात करत असेल, तरच हे सारे. आडवे झोपलेल्या बाळाच्या हातात खाणे कधीच देऊ नये.

मऊपणाची परीक्षा सोपी आहे. तुकडा अंगठा आणि बोटात दाबावा. सहज चेपला तर बाळाच्या हिरड्याही चेपतील.

उकडलेले रताळे यासाठी अव्वल. लांब फोडी, साल काढून. लाल भोपळा, ज्याला आपल्याकडे डांगर म्हणतात, तोही तसाच. पिकलेले केळे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या वाड्यांत आपल्याच बहिणी फळे तोडायला जातात. पूर्ण पिकलेला चिकू, बिया आणि साल काढून, बाळाला द्यायला उत्तम. बी मात्र एकही राहू देऊ नये, तिला टोक असते. कडक उकडलेल्या अंड्याच्या चार लांब फोडी कराव्यात. पहिल्यांदा थोडेच द्यावे, अंगावर चट्टे किंवा उलटी नाही ना ते पाहावे, मग रोज दिले तरी चालते. मागच्या सहा महिन्यांत मी सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द उच्चारला असेल तर तो अंडे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनेही या वयात अंडी, मासे, मांस यांपैकी काहीतरी रोज असावे असे म्हटले आहे.

मासळी म्हटली की किनारा आपल्या शेजारीच आहे. उन्हात वाळवलेला, न खारवलेला बोंबील भाजून, काटा काढून, पाट्यावर पूड करायची आणि बारीक चाळणीतून गाळायची. चमचाभर पूड मऊ भातात किंवा खिचडीत कालवून भाताचे मुटके बाळाच्या हातात द्यायचे. पावसाळ्यात घरात दुसरे काही नसले तरी सुकी मासळी असते. बाळाला तिची चव लवकर लागते, हे मी पाहिले आहे.

आणि नागली. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नागली रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत वाळवून दळले, की तिच्यातले लोह अधिक चांगले अंगी लागते. याच पिठाचे "दाताचे बिस्किट" आम्ही दोन पाड्यांवर आयांबरोबर करून पाहिले. वाटीभर पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढायची, भाकरीसाठी काढतो तशी. त्यात अर्धी वाटी उकडून कुस्करलेले रताळे आणि चमचाभर तेल घालून मळायचे. बोटासारख्या जाड वळकट्या करून मंद आचेवर तव्यावर फिरवत भाजायच्या. बाहेरून खरपूस, आतून मऊ. मीठ नाही, साखर नाही, गोडवा रताळ्याचा. आमची पहिली खेप दगडासारखी झाली, कारण मी आच मोठी ठेवली होती आणि रताळे कमी घातले होते. एका आजीने माझ्या हातातून उलथणे काढून घेतले, तेव्हा कुठे जमले. या वळकट्या त्याच दिवशी संपवायच्या. रताळे नसेल तर केळे चालते. एवढेही जमत नसेल तर ताज्या भाकरीचा मऊ पापुद्रा वरणात भिजवून द्यावा. वाळलेली, कडक कड मात्र नको, तिचा तुकडा मोडून घशात अडकतो.

तो ओट्यावरचा नऊ महिन्यांचा भाऊ भाकरी थुंकत होता, त्याचेही सांगते. नवी चव बाळाला एकदा देऊन ठरत नाही. आठ-दहा वेळा थोडी थोडी द्यावी लागते, जबरदस्ती न करता. गोड आधी आणि सतत मिळाले की बाकी सारे फिके लागते. तिथे आजीने पंधरा दिवस बिस्किट बंद केले. पहिले चार दिवस पोराने घर डोक्यावर घेतले. नंतर रताळ्यावर आला, मग डाळ-भातावर. भाकरी अजूनही थुंकतो म्हणे.

काही गोष्टींत हयगय चालणार नाही. मध एक वर्षापर्यंत मुळीच नको, चाटणही नको. आपल्याकडे रानातला मध शुद्ध म्हणून बाळाच्या जिभेवर लावतात. पण शुद्ध मधातही असे जंतू असू शकतात, की ज्यांचे विष लहान बाळाचे स्नायू लुळे पाडते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, कच्चे गाजर, बोरे, करवंदे, बीसकट जांभळे, अख्खी द्राक्षे हे काहीही लहानग्याच्या हाती लागू नये. शेंगदाणा पौष्टिक आहे, तो भाजून अगदी बारीक कुटून पेजेत घालावा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्याच एका मेळाव्यात मोठ्या मुलांना शेंगदाणे वाटले. दहा-अकरा महिन्यांच्या एका मुलीने चटईवर सांडलेला दाणा तोंडात टाकला. ती खोकली नाही, रडली नाही, फक्त तोंड उघडे आणि ओठ काळेनिळे. मी जागच्या जागी थिजले. शेजारच्या अंगणवाडी सेविकेने तिला उचलले, आपल्या मांडीवर हाताच्या आधाराने पालथे घेतले, डोके खाली, आणि दोन खांद्यांमध्ये तळहाताने थापट्या मारल्या. चौथ्या थापटीला दाणा बाहेर पडला. त्यानंतर आम्ही सर्वांनी हे शिकून घेतले. वर्षाखालील बाळाला पाठीवर पाच थापट्या, नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब, पुन्हा थापट्या, आणि कोणीतरी तोवर १०८ ला फोन. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालायचे नाही, ती आणखी आत जाते. बाळ खोकत असेल, ओकारी काढत असेल, आवाज करत असेल तर ते स्वतःच निभावून नेते. अशा वेळी जवळ बसावे, घाबरून पाठ बडवू नये. आवाज बंद झाला तर मात्र क्षणही दवडू नये. आणि खाताना बाळाजवळ कोणीतरी बसलेले हवेच. ती सात वर्षांची बहीण असली तर तिलाही हे शिकवावे. आम्ही शाळेतल्या मुलींना बाहुलीवर शिकवतो, त्या मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नातवंडे आहेत आणि शहरात बाळांसाठी खास "टीदिंग" बिस्किटे आणि रस्क मिळतात. घ्यायचीच असतील तर पुडा उलटा करून वाचावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, पहिल्या तिनांत साखर असेल तर पुडा परत ठेवावा. ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, फळांचा आटवलेला रस हीदेखील गोडाचीच भावंडे. मध असेल तर नको. एक तुकडा स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहावा. न चावता लाळेत विरघळला तर ठीक, करकरीत तुटून अणकुचीदार तुकडे झाले तर नको. दोन वर्षांखालील बाळांचे अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, बंदी आहे. साधे ग्लुकोज बिस्किट बाळाचे अन्न म्हणून विकले जात नाही, त्यामुळे त्याची जाहिरात मात्र खुशाल चालू असते.

पाड्यावरच्या घरांना हक्काचे काय मिळते तेही आपल्याला माहीत असावे, म्हणजे आपली मदत त्याला जोड होईल. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरपोच आहार मिळतो. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तिच्यातून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि सात महिन्यांपासूनच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे द्यायचे असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध आशाताईंनी पाजायचे असते. अंगणवाडीचे मूळ आपल्याच तालुक्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार होता. आम्ही आता एवढेच करतो, की अंडे आले का, बाटली पोचली का, हे दर महिन्याला विचारतो आणि नसेल तर आयांबरोबर जाऊन मागतो.

तर पिशवीबद्दल. ज्या घरी दोन वर्षांखालील मूल आहे, त्या घरासाठी बिस्किटांऐवजी मूगडाळ, चवळी, शेंगदाण्याचे तेल, बाळासाठी वेगळी स्टीलची वाटी आणि लहान चमचा, घट्ट झाकणाचा डबा आणि हात धुण्याचा साबण द्यावा. वाटी वेगळी असली की बाळाने किती खाल्ले ते आईला कळते. मोठ्या भावंडांच्या ताटात खाणाऱ्या बाळाचे ते कधीच कळत नाही. अंडी पिशवीतून पाठवता येत नाहीत, त्यासाठी पैसे दिले तर आम्ही पाड्यावरच्याच कोंबड्या पाळणाऱ्या बायांकडून ती घेतो. ज्यांनी बिस्किटे आधीच खरेदी केली आहेत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सहलीला ती कामी येतील.

एक आणखी विनंती आहे, तारखेची. दिवाळी झाली की ही कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या आणि गुजरातेतल्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, तान्ही मुलेही सोबत. डिसेंबरात आम्ही पिशव्या घेऊन जातो तेव्हा निम्म्या झोपड्यांना कड्या असतात आणि घरात असतात म्हाताऱ्या माणसांपुरतीच. म्हणून यंदा तान्ह्या मुलांच्या पिशव्या नाताळची वाट न पाहता दसऱ्याच्या आत आमच्याकडे पोचाव्यात. वाटी, चमचा आणि डबा भट्टीवर सोबत नेता येतो.